फिल्ममध्ये ओळखीचं गाणं घालायचं तर

कोल्हापूरच्या गंगावेशेतलं सलून. आरशाशेजारच्या फळीवर रेडिओ, त्यावर सगळ्यांना पाठ असलेलं गाणं, आणि खुर्चीत फेस लावून बसलेल्या म्हाताऱ्याला कळतं की पोरीचं लग्न मोडलंय. कागदावर सीन झकास. पण गाण्याची परवानगी हे काम शूटिंगच्या आधीचं आहे. एडिट झाल्यावर म्युझिक कंपनीला मेल टाकणारे पुढे सीनच कापत बसतात.

गाण्यात तीन हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. मूळ रेकॉर्ड वाजवायची तर तिन्ही लागतात. ओळखीच्या गायकाकडून नव्यानं गाऊन घेतलं तर ध्वनिमुद्रणाचा हक्क सुटतो, शब्द आणि चालीचा सुटत नाही. पात्रानं नुसतं गुणगुणलं तरी तोच हिशेब. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ ही निव्वळ अफवा. कायद्यात अशी सूट नाही. हॉलमध्ये गाणी वाजवण्याचं लायसन्सही इथं कामाचं नाही. चित्राला गाणं जोडायचं लायसन्स वेगळं, त्याला सिंक म्हणतात.

‘जुनं आहे, आता फुकट’ यातही फसगत होते. १९६० साली आलेल्या रेकॉर्डचं संरक्षण ६० वर्षांनी, २०२० अखेर संपलं. पण शब्द आणि चालीची मुदत मृत्यूपासून मोजतात. गीतकार १९८० साली वारला असेल तर त्याचे शब्द २०४० संपेपर्यंत बांधलेले. संगीतकाराची तारीख निराळी.

परवानगीच्या पत्रात गाणं, नेमके सेकंद, सीनमध्ये काय चाललंय, आणि फिल्म कुठं दाखवणार (महोत्सव, थिएटर, ओटीटी, यूट्यूब), किती वर्षं, कोणत्या देशांत, हे सगळं लिहा. पैसे कमी असतील तर आधी फक्त महोत्सवापुरतं मागा, पण पुढच्या वाढीव वापराचा दर त्याच पत्रात ठरवून घ्या. नंतर दर विचारलात तर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. उत्तराला आठवडे लागतात, तोवर पर्यायी गाणं तयार ठेवा.

शूटिंगला रेडिओ बंद. संवादामागं गाणं वाजत राहिलं तर कट मारला की गाणं उडी मारतं, आणि ते संवादातून वेगळं काढणं जिकिरीचं. नटाला लय हवी असेल तर टेकच्या आधी ऐकवा, मग बंद करून संवाद घ्या. रिकाम्या सलूनचा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा; पंखा, रस्त्यावरची रिक्षा, सगळं कामाला येतं. महाद्वार रोडच्या मिरवणुकीतही हीच अडचण: शॉट सुंदर, मागं डीजेचं हिट गाणं. चित्र ठेवा, आवाज टाका. हलगी-घुमकं वेगळं रेकॉर्ड करा आणि वाजवणाऱ्यांची लेखी संमती घ्या.

मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, सगळ्यात जास्त चुकतं. स्टुडिओतलं स्वच्छ स्टिरिओ गाणं तसंच ठेवलं तर रेडिओ फळीवर आहे असं वाटतच नाही. मोनो (एकाच चॅनलचं) करा, साधारण ४०० हर्ट्झच्या खालचं आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. त्याहून चांगलं म्हणजे छोट्या स्पीकरवर त्याच सलूनमध्ये गाणं वाजवून खुर्चीच्या जागेवरून पुन्हा रेकॉर्ड करणं. ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ या फिल्मसाठी हेच केलं होतं. या जुन्या युक्तीला आजही तोड नाही.

गायकाचे शब्द आणि संवाद एकमेकांवर आले की प्रेक्षक गाणंच ऐकतो. ते त्याला पाठ असतं ना! म्हणून म्हाताऱ्याचं वाक्य दोन कडव्यांमधल्या वाद्यांवर बसवा. तेवढी जागा नसेल तर गाणं दहा-बारा डेसिबल खाली घ्या. कट तालाच्या समेवर: १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) चार मात्रांचं आवर्तन बरोबर २ सेकंदांचं, त्या पटीत मोजा. आणि धून संपण्याआधी न्हाव्यानं रेडिओ बंद केला तर उरलेल्या सेकंदांचे पैसेही वाचतात.