म्हशीची फॅट आणि माझा सॉर्ट

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी संकलनाचं अ‍ॅप रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये (जावास्क्रिप्टमधून फोनचं अ‍ॅप बनवायची चौकट) लिहिलं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांचं बिल, एवढंच काम. तिसऱ्याच दिवशी एक आजी खिडकीशी आल्या. "पोरा, माझ्या म्हशीला सातची फॅट लागती, हितं पाच कशी?" सचिव माझ्याकडं बघत बसले.

राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री दोनला चूक सापडली. अहवालासाठी मी यादी फॅटप्रमाणं लावली होती. जावास्क्रिप्टचा सॉर्ट नवी यादी देत नाही, आहे तीच हलवतो. नोंदीची स्क्रीन तीच यादी वापरत होती, तीही सभासद क्रमांक सोडून ओळ क्रमांक धरून. (हा गाढवपणा माझा, त्याला भाषा काय करणार!) आजींची फॅट शेजाऱ्याच्या खात्यात.

म्हणून क्लोजरस्क्रिप्टकडं वळलो; या भाषेत यादी जागच्या जागी बदलत नाही. शेवटी त्याचं रूपांतर जावास्क्रिप्टमध्येच होतं, त्यामुळं रिअ‍ॅक्ट नेटिव्हवरून अँड्रॉइड, आयफोन दोन्हीकडं चालतं. व्हेक्टर (तिथली यादी) सॉर्ट केला की नवी यादी मिळते, जुनी जागची हलत नाही. री-फ्रेम या त्याच्या चौकटीत सगळी माहिती एका जागी असते; इव्हेंट हँडलर (बटण दाबलं वगैरे की चालणारं फंक्शन) जुनी स्थिती घेतो, नवी देतो. खरी मजा दराच्या फंक्शनात आली. फॅट, एसएनएफ आणि दरपत्रक द्या, रुपये घ्या. फोन न जोडता मागच्या महिन्याचं अख्खं रजिस्टर त्यातून काढलं. फरक निघाला तो फक्त पैसे पूर्णांकात करण्याचा.

पण फोनपुढं भाषेचं काही चालत नाही. ब्लूटूथ प्रिंटर अँड्रॉइड १२ वर मुका झाला, कारण तिथं जोडणीची परवानगी वापरणाऱ्याकडून वेगळी मागावी लागते. त्यात दोन दिवस गेले. आयफोनच्या बिल्डला मॅक लागतोच. एफ शार्प या भाषेत झॅमरिनवर (मायक्रोसॉफ्टची मोबाईल अ‍ॅपची चौकट) काम करणाऱ्यांनाही १ मे २०२४ ला त्याचा सपोर्ट संपल्यावर बिऱ्हाड तिच्या जागी आलेल्या मॉईवर हलवावं लागलं.

त्यामुळं नवख्यांनी आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये एक अ‍ॅप पूर्ण करावं, क्लोजरस्क्रिप्टमध्येही एरर तिथलेच येतात. मग क्लोजरस्क्रिप्ट. फ्लटर (गूगलची मोबाईल अ‍ॅपची चौकट) येत असेल तर त्यावर चालणारं क्लोजरडार्टही आहे.

नोकरीचं म्हणाल तर मला मुलाखतीत क्लोजर (क्लोजरस्क्रिप्टची मूळ भाषा) कुणी विचारलं नाही. "स्टेट (अ‍ॅपची चालू माहिती) कुठं ठेवता?" एवढं विचारलं. मी आजींची म्हस सांगितली.