सह्याद्री-कोकणाचे जैवविविधता नकाशे करताय? या चुका टाळा

एप्रिलमधलं उपग्रहचित्र उघडा आणि राजापूर किंवा देवगडचा एखादा सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, शोधा. तपकिरी, कोरडा जांभा दिसेल. वर्गीकरणाचं सॉफ्टवेअर त्याला ‘उघडी जमीन’ म्हणून मोकळं होतं. सातबाऱ्यावर बहुतेकदा तो पोटखराबा असतोच, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पाऊस सुरू झाला की त्याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, मग डबक्यांच्या काठाने गेंद आणि सीतेची आसवे. सुट्या दगडांखाली हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल राहते. ती कोकणातल्या या सड्यांबाहेर फारशी कुठे सापडत नाही.

जैवविविधता आणि परिसंस्था सेवांचे (निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या पाणी, कार्बन साठवण अशा फायद्यांचे) नकाशे बिघडतात ते बहुतेक वेळा मॉडेल चालवण्याच्या आधी. जमिनीला कोणतं नाव दिलं, नोंदी कुठून आल्या आणि सेवा कोणाला मिळते हे चुकलं, तर पुढची गणितं कितीही नेमकी असली तरी फुकट जातात.

आमराई लावल्यावर ‘सेवा वाढली’ असं दिसतंय?

सर्वात घातक चूक हीच. इन्व्हेस्ट या परिसंस्था सेवा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कार्बन मॉडेलमध्ये प्रत्येक जमीनवर्गासाठी कार्बनचे चार साठे भरायचे असतात: जमिनीवरचा, जमिनीखालचा, मातीतला आणि पालापाचोळ्यातला. उघड्या जमिनीचे आकडे जवळजवळ शून्य टाकले जातात, फळबागेचे बरेच जास्त. आता सुरुंग लावून सडा फोडला, बाहेरून माती आणून टाकली आणि कलमं लावली, की नकाशात तिथे हिरवा रंग चढतो. दीपकाडी गेली, पाल गेली, पण निकाल ‘सुधारणा’ सांगतो. त्यात मॉडेलचा दोष नाही. त्याला फक्त कार्बन विचारला होता.

वनक्षेत्राच्या आकड्यांचंही असंच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाडांचं छत्र असेल तर त्याला वनाच्छादन धरते, मालकी आणि झाडांची जात कोणतीही असो. म्हणजे काजूची बाग आणि देवराई एकाच रंगात येऊ शकतात. वृक्षाच्छादन मोजायला ही व्याख्या ठीक आहे. तोच थर ‘अधिवास’ म्हणून वापरणं मात्र चूक.

उपाय कष्टाचा आहे, पण आहे. सड्यासाठी स्वतंत्र वर्ग करा. एप्रिलचं चित्र आणि पाऊस ओसरल्यावर मिळणारं सेंटिनल-२ उपग्रहाचं पहिलं स्वच्छ चित्र, दोन्हींचा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) शेजारी ठेवा. चिरेखाण दोन्ही वेळा उघडीच दिसते. सडा पावसानंतर हिरवा असतो आणि पुढे वाळतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या चित्रांचा उपयोग होत नाही, तिथे सेंटिनल-१ ची ढगांआडूनही दिसणारी रडार चित्रं मदतीला घ्या. देवराया, सडे आणि गवताळ माळ यांच्या सीमा शेवटी हातानेच आखाव्या लागतात, गावातल्या माणसाला शेजारी बसवून. देशावरच्या माळरानांनाही हीच खबरदारी लागू आहे. ‘पडीक’ म्हणून रंगवलेल्या कित्येक माळांवर लांडगे आहेत. नान्नजचा माळढोकही माळरानाचाच पक्षी.

सगळी विविधता रस्त्याकडेला आणि पर्यटनस्थळी दिसतेय?

मग तुम्ही प्रजातींचा नव्हे, निरीक्षकांचा नकाशा केलाय. आंबोली, कास, भीमाशंकर इथे नोंदींचा ढीग असतो आणि शेजारच्या खोऱ्यात एकही नसते. मॅक्सेंट हे प्रजाती कुठे असू शकेल याचा अंदाज करणारं सॉफ्टवेअर काही सांगितलं नाही तर सगळीकडे सारखंच निरीक्षण झालं असं धरून दहा हजार पार्श्वबिंदू (नोंदींशी तुलना करायचे प्रदेशातले बिंदू) उचलतं. जाळीच्या एका चौकोनातली एकच नोंद ठेवा आणि पार्श्वबिंदू त्याच गटाच्या इतर प्रजातींच्या नोंदींवरून निवडा, म्हणजे निरीक्षकांचा कल दोन्हीकडे सारखा पडेल. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाचा डेटा असेल तर पूर्ण याद्याच (ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेल्या) घ्या आणि फार लांब अंतराच्या, फार वेळ चाललेल्या याद्या गाळा.

बिंदूंची जागा तपासणं मला याहूनही महत्त्वाचं वाटतं, कारण ते कोणी करत नाही. आय-नॅचरलिस्ट हे लोकांच्या निसर्गनोंदींचं संकेतस्थळ संकटग्रस्त प्रजातींची जागा मुद्दाम धूसर करतं: ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी एक बिंदू टाकतं. आपल्या अक्षांशावर हा चौकोन वीस किलोमीटरहून मोठा भरतो. सह्याद्रीत एवढ्या अंतरात सगळंच बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि फार दूर नसलेल्या वाईला हजाराच्याही आत. सदाहरित रानातला बेडूक या सरकलेल्या बिंदूमुळे पर्जन्यछायेत जाऊन बसतो आणि मॉडेल ते निमूटपणे शिकतं. जीबीआयएफ या प्रजातींच्या नोंदींच्या जागतिक संग्रहाच्या डेटात स्थान-अनिश्चिततेचा रकाना असतो. तो रिकामा असलेल्या किंवा मोठा आकडा असलेल्या नोंदी सूक्ष्म मॉडेलमध्ये घेऊ नका.

संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांवर नुसतं गावाचं नाव असतं. ‘खंडाळा’ म्हणजे लोणावळ्याशेजारचं की सातारा जिल्ह्यातलं? एक घाटमाथ्यावर, दुसरं कमी पावसाच्या पट्ट्यात. संग्राहक त्याच सुमारास आणखी कुठे हिंडत होता ते पाहिलं तर बहुधा उलगडा होतो, नाहीतर नोंद सोडून द्या. आणि एखादा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडला असेल तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीये, १७ आणि ७३ उलटे भरलेत.

एयूसी ०.९५ आला म्हणून खूश आहात?

एयूसी म्हणजे मॉडेल प्रजातीच्या जागा इतर जागांपासून किती नीट वेगळ्या करतं याचा गुण, जास्तीत जास्त १. कोकणातल्या प्रजातीसाठी अख्खा महाराष्ट्र अभ्यासक्षेत्र घेतला, तर मॉडेलला एवढंच शिकायचं असतं की लातूर कोरडं आहे आणि रत्नागिरी ओली. एयूसी आपोआप चढतो. प्रजाती जिथे पोचू शकली असती तेवढंच क्षेत्र घ्या. चाचणीचे बिंदू यादृच्छिक निवडू नका. शेजारशेजारचे बिंदू शिकवण्यात आणि चाचणीत वाटले गेले की परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. प्रदेशाचे मोठे तुकडे पाडून त्यातला एकेक तुकडा बाजूला ठेवून तपासा. आकडा घसरेल, पण खरा असेल.

पिक्सेल लहान केला म्हणजे माहिती वाढत नाही

वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-डेटातलं हवामान सुमारे एक किलोमीटरच्या जाळीचं असतं. ते दहा मीटरवर ताणलं तरी ओढ्याकाठचा गारवा त्यात येत नाही. एकक प्रश्नावरून ठरतं. पश्चिम घाटासाठी २०११ मध्ये गाडगीळ समितीने साधारण नऊ बाय नऊ किलोमीटरची जाळी घेतली, २०१३ च्या कस्तुरीरंगन समितीने सुमारे २४ मीटरची उपग्रहचित्रं वापरून गाव हे एकक धरलं. काही हेक्टरचा सडा पहिल्या जाळीत दिसणारच नाही, म्हणून त्या नकाशावरून खाणीच्या परवानगीचा वाद सोडवू नका. क्षेत्रफळ अंशांत मोजू नका: मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ही नकाशा-प्रणाली घ्या, पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणासाठी तिचा ४३ उत्तर पट्टा, नागपूर-चंद्रपूरसाठी ४४.

जंगल तोडल्यावर ‘पाणी वाढलं’?

इन्व्हेस्टचं वार्षिक जल-उत्पन्न मॉडेल पावसातून बाष्पोत्सर्जन वजा करतं. झाडं कमी झाली की वजाबाकी कमी होते, पाणी जास्त दिसतं. ते पाणी जुलैत वहाळातून समुद्राला मिळालं की मेमध्ये झऱ्याला आलं, हे वार्षिक आकड्याला कळत नाही. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकर लागतात, तेव्हा इथे प्रश्न महिन्याचा आहे. इन्व्हेस्टचंच हंगामी मॉडेल घ्या, मासिक पाऊस भरा आणि निकाल पिक्सेलवर न वाचता उपपाणलोटावर वाचा. मग त्यावर सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी आणि झरे टाका, कोणता किती महिने टिकतो ते गावात विचारून. पाणी भरणाऱ्या बायकांना ते महिन्यानिशी माहीत असतं. वापरणारा माणूस नकाशावर नसेल तर ती नुसती जलप्रक्रिया आहे, सेवा नव्हे.

नकाशा देताना सोबत अनिश्चिततेचा नकाशा द्या. जिथे एकही नोंद नाही तो भाग करड्या रंगात ठेवा, ‘कमी विविधता’ म्हणून रंगवू नका, कारण प्रकल्पाची जागा शोधणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या नेमक्या जागा जाहीर थरातून काढा, कंद उकरून नेले जातात. आणि पडताळणीची फेरी मेमध्ये आखू नका. सड्यासाठी ती जूनअखेर एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा हवी.