घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? आधी खोली बघा, मग लॅपटॉप

सांगली-मिरजेकडं गाणारी-वाजवणारी माणसं घराघरात सापडतात, कुणी क्लासला जातं, कुणाचं भजनी मंडळ आहे, कुणाकडं आजोबांची पेटी आहे, आणि आता प्रत्येकाला आपलं गाणं घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचं असतं. मग पहिला प्रश्न ठरलेला, लॅपटॉप कुठला घेऊ? माझं सरळ म्हणणं आहे की घरात जो आहे तोच घ्या. पाच-सहा वर्षं जुना आय फाईव्ह असेल, ८ जीबी रॅम असेल आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली असेल तर गाणं, तंबोरा, पेटी, तबला एवढं आरामात होतं. १६ जीबी रॅम लागते ती ढीगभर सॉफ्टवेअर वाद्यं एकदम वाजवायची असतील तेव्हा. पैसे आणि डोकं खर्च करायचं ते आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचतो त्या वाटेवर, म्हणजे खोली, माईक, केबल आणि इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून आत नेणारी डबी), कारण तिथं बिघडलेलं पुढं कुठलंच सॉफ्टवेअर धड दुरुस्त करू शकत नाही.

तर आधी खोली. आपल्याकडं खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूला गिलावा केलेल्या भिंती, त्यामुळं मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली की मागून टर्रर्र असा आवाज येतो, तो तुमच्या प्रत्येक सुराला चिकटणार. सगळ्यात लहान खोली चांगली असं काही नाही, सगळ्यात भरलेली खोली चांगली. कपाटं, गाद्या, पुस्तकं, कपड्यांनी भरलेला हँगर असलेली झोपायची खोली बहुतेक घरात बेस्ट असते. फरशीवर सतरंजी टाका आणि दोन जाड वाकळा घ्या. त्या कुठं लावायच्या हे महत्त्वाचं आहे, बरेच जण माईकच्या मागं लावतात, पण नेहमीचा कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो आणि मागचं कमी घेतो, म्हणून गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाकायला पाहिजे, कारण तिथून परतलेला आवाज थेट माईकच्या तोंडात जातो. वाकळ भिंतीला चिकटवून न लावता दोरीवर टाकून भिंतीपासून वीतभर पुढं ठेवली तर अजून फरक पडतो. अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका, त्यानं काही होत नाही, नुसती धूळ साठते.

खोली ठरली की गाणं न म्हणता एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनमध्ये आवाज मोठा करून ऐका. फ्रिज, शेजारची बोअरची मोटर, लॅपटॉपचा स्वतःचा पंखा, सगळं बाहेर येतं. मिरजेत जंक्शनजवळ राहणाऱ्यांना गाड्यांच्या वेळा बघूनच बसावं लागतं, आणि उसाचा हंगाम चालू असताना रस्त्याकडेला घर असेल तर ट्रॅक्टरवरची गाणी तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये फुकट मिळतात. पहाटे साडेचार-पाचची वेळ सगळ्यात चांगली, तेव्हा वरचा पंखा बंद ठेवला तरी घाम येत नाही आणि गळाही थोड्या खर्जानं मोकळा होतो.

आता माईक. कंडेन्सर माईक बारीकसारीक सगळं पकडतो, म्हणून शांत आणि भरलेल्या खोलीत तो सुंदर लागतो, पण खोली घुमत असेल किंवा बाहेर वर्दळ असेल तर डायनॅमिक घ्या, श्युअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक आहे आणि तोंडाजवळ धरून गायलं की आजूबाजूचं बरंच कमी घेतो. यूएसबी माईक एकट्यानं गाण्यासाठी ठीक आहे, पण पुढं पेटीला दुसरा लावावासा वाटला की अडचण होते, दोन यूएसबी माईक एकाच वेळी नीट चालवणं डोकेदुखी आहे. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या, फोकसराईट स्कारलेट टू आय टू सारखा.

केबल घेताना दोन्ही बाजूला तीन पिनांची एक्सएलआर आहे ना बघा. एका बाजूला एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला मोठी जाड पिन अशी केबल लाऊडस्पीकरवाल्यांकडं सर्रास मिळते, तिच्यातनं कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर जातच नाही आणि मग माणूस माईक खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला जातो. फँटम चालू करायच्या आधी हेडफोनचा आवाज कमी करा, फट्कन आवाज येतो.

जोडणी अशी करायची. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टला, यूएसबी हबमधून नाही. हब माऊसला आणि मिडी कीबोर्डला चालतो, कारण मिडीमधून आवाज जात नाही, कुठली पट्टी किती जोरात दाबली एवढंच जातं. विंडोज असेल तर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरनंच एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअरमध्ये आवाज फार उशीर न होता नेणारा छोटा प्रोग्रॅम) उतरवून टाका, हे अजिबात टाळू नका. पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडा, तिथंच यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि गाताना वायफाय आणि ब्लूटूथ बंद. ब्लूटूथ हेडफोन इथं चालतच नाहीत, आवाज उशिरा येतो. वायरचे, कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन घ्या, नाहीतर कानातला तंबोरा माईकमध्ये शिरतो.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, विंडोजवर रीपर ६० दिवस वापरून बघता येतो आणि हलका असल्यामुळं जुन्या लॅपटॉपवर पळतो, नुसतं एक गाणं घेऊन कापाकापी करायची तर ऑडासिटी पुरेसं आहे.

सेटिंग्जमध्ये दोनच गोष्टींशी दोस्ती करा. पहिली सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घ्यायची तो आकडा. व्हिडिओसाठी असेल तर ४८ किलोहर्ट्झ, नुसतं गाणं असेल तर ४४.१ पण चालेल, पण इंटरफेस, विंडोज आणि सॉफ्टवेअर तिन्हीकडं एकच आकडा पाहिजे. ४४.१ चं रेकॉर्डिंग ४८ समजून वाजलं की गाणं पळतं आणि वर चढतं, काळी दोनमधलं गाणं पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्ये कुठंतरी जाऊन अडकतं. बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नोंद किती बारकाईनं घ्यायची ते, २४ ठेवा. जागेची काळजी नको, ४८ आणि २४ ला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खातो.

दुसरी गोष्ट बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा केवढा घास एका वेळी घेतो ते, घास मोठा तर आवाज उशिरा, लहान तर लॅपटॉपवर ताण. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद आणि १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद, तेही एका बाजूचे, जाऊन-येऊन दुप्पट आणि वर थोडं. हवेत आवाज एका मिलिसेकंदात एक फुटाच्या आसपास जातो, त्यामुळं १०२४ ला स्वतःचा आवाज चाळीस फुटांवरनं परत येतोय असं वाटणार आणि लय ढासळणार. म्हणून रेकॉर्ड करताना १२८, कडकड झाली तर २५६, आणि मिक्स करायला बसलात की १०२४. बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबलं की आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता सरळ कानात येतो, जुन्या लॅपटॉपवाल्यांनी हेच वापरावं. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोनदा ऐकू येतं.

लेव्हल लावताना आलाप गाऊन लावू नका, तुमची सगळ्यात जोरकस तान किंवा तार षड्ज घ्या आणि तो सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास येईल एवढाच गेन (इंटरफेसवरचं माईकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा. २४ बिटला हळू आवाज नंतर वाढवला तरी काही बिघडत नाही, पण लाल दिवा लागून फाटलेला सूर गेला तो गेलाच.

तंबोऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि आपल्याच गावातला तंबोरा मोबाईलवर खरखरीत ऐकू आला की खरंच वाईट वाटतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना बघा, कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत थोडी घासतो आणि तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, तेवढ्यावर सगळा झंकार अवलंबून असतो, आणि तो झंकार तुमच्या माईकला मिळाला पाहिजे. माईक दीड फूट लांब ठेवा आणि तोंड घोडी आणि दांडी यांच्या मधल्या जागेकडं करा. घोडीच्या अगदी जवळ गेलात की नुसती चुरचुर येते, भोपळ्याकडं वळवलात की खर्ज घुमून जोडाच्या तारा दबतात. एकानं छेडत राहायचं आणि दुसऱ्यानं हेडफोन लावून माईक दोन-दोन बोटं सरकवायचा, चारही तारा सारख्या मिसळल्या की तिथं फरशीवर खडूनं खूण करून ठेवा. पेटीला माईक वरनं, वाजवणाऱ्याच्या बाजूनं लावा, भात्याकडून लावला की फासफूस येते. पुढं कीबोर्ड किंवा बासरी भरायची असेल तर पेटी ४४० हर्ट्झला, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या सुराला, आहे का ते मोबाईलच्या ट्यूनरवर आधीच बघून घ्या, जुन्या पेट्या बरेचदा वर-खाली असतात आणि तंबोरा पेटीला लावलेला असतो.

आता विजेचं. मागं बारीक हूं येत असेल तर ती बहुतेक ५० हर्ट्झची वीज असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका, गेली तर कारण सापडलं. इंटरफेस, स्पीकर, लॅपटॉप सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हूं जावी म्हणून प्लगची तिसरी पिन कापतात लोक, ते जिवावर बेतू शकतं, करू नका. लाईट जाऊन घर साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर असेल तर किरकिर येते, तेवढा वेळ बॅटरीवरच काम करा.

शेवटी बॅकअप. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर ज्यांच्या घरात आला त्यांना सांगायला नको, तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलावरची हार्ड डिस्क दोन्ही एकदम जातात. म्हणून एक कॉपी लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाऊडवर किंवा दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांकडं. ठेवायची ती २४ बिटची वेव्ह फाईल, आणि गुरुजींना व्हॉट्सॅपवर ऐकायला पाठवताना ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जशी आहे तशी पोचते.