प्रूफमध्ये थिअरम कसं टाकायचं आणि गाडी कुठे घसरते

तर्कशास्त्राच्या प्रूफमध्ये प∨¬प (‘प किंवा प नाही’) दरवेळी पहिल्यापासून सिद्ध करत बसणारे लई बघितलेत, मीपण त्यातलाच होतो, आठ-नऊ ओळी तिथेच जायच्या. काही गरज नाही. थिअरम म्हणजे कुठलंच आधारविधान (सुरुवातीला दिलेलं, खरं धरलेलं विधान) न घेता सिद्ध झालेलं, म्हणून एकदा सिद्ध केलं की त्यातल्या अक्षरांच्या जागी हवं ते विधान घालून नंतरच्या कुठल्याही प्रूफमध्ये हव्या त्या ओळीवर टाका, शेजारी थिअरमचं नाव आणि कशाच्या जागी काय घातलं ते लिहा, झालं.

समजा १ आणि २ दिलंय आणि ग काढायचाय (∧ म्हणजे ‘आणि’, → म्हणजे ‘जर-तर’):
१. (क∧ख)→ग
२. ¬(क∧ख)→ग
३. (क∧ख)∨¬(क∧ख) … थिअरम, प च्या जागी (क∧ख)

आता ३ फोडा. डावी बाजू धरली तर १ वरून ग, उजवी धरली तर २ वरून ग. म्हणजे ग आलाच.

कंस मात्र विसरू नका, ¬क∧ख लिहिलं की सगळंच बदललं. आणि प जिथे जिथे आहे तिथे तिथे तेच घालायचं, एकीकडे क आणि दुसरीकडे ख घालून क∨¬ख केलं तर ते थिअरमच राहत नाही. उलट दोन वेगळ्या अक्षरांच्या जागी एकच गोष्ट घातली तर चालतं बरं का, प→(फ→प) वरून क→(क→क) बिनधास्त घ्या. फक्त प आणि फ ची अदलाबदल करायची असेल तर एका दमात करा, आधी एक मग दुसरं असं केलं तर सगळीकडे एकच अक्षर होऊन बसतं.

सगळ्यात जास्त मार खातात ते इथे: आधारविधानात असं अक्षराच्या जागी दुसरं काही घालायचं नाही! क→ख दिलंय, क म्हणजे नाशिकच्या गंगापूर धरणातून भरपूर पाणी सोडलं, ख म्हणजे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आलं. आता क काढून तिथे ‘सराफ बाजार बंद आहे’ घातलं तर सुट्टीच्या दिवशीपण गोदावरीला पूर येईल ना. थिअरममधलं अक्षर म्हणजे रिकामी जागा असते, आधारविधानातलं अक्षर एका ठरलेल्या गोष्टीला बांधलेलं असतं.

उलटा प्रवासही नाही जमत. (क∧ख)→क हे थिअरम आहे म्हणून (क∧ख) च्या जागी नुसता प टाकून प→क मिळेल असं वाटतं खरं, पण घालायचं ते सुट्या अक्षराच्याच जागी, अख्ख्या कंसाच्या जागी नाही.