बंद झालेल्या ब्रिटिश मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा

कराड लोकसभा मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत संपला आणि कराड शहर सातारा मतदारसंघात आले. आज सातारा जिल्ह्यातील नव्या मतदाराला कराडचे जुने निकाल दाखवले, तर तो ते आजच्या हद्दी गृहीत धरूनच वाचण्याची शक्यता असते. ब्रिटनमधील जुन्या मतदारसंघावर लिहिताना हीच चूक आधी टाळावी लागते. येथे उदाहरण म्हणून लंडनचा फिन्सबरी सेंट्रल घेतला आहे, कारण १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी तेथूनच हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेले.

प्रथम मतदारसंघ कोणत्या कायद्याने निर्माण झाला आणि कोणत्या कायद्याने रद्द झाला, हे लिहून काढावे. दोन सदस्य पाठवणाऱ्या जुन्या फिन्सबरीचे १८८५च्या कायद्याने विभाजन झाले, त्यातून एका सदस्याचा सेंट्रल भाग निघाला, आणि १९१८च्या कायद्याने तोही रद्द झाला. हद्दी कायद्याच्या परिशिष्टातूनच घ्याव्यात. जुन्या नकाशाच्या झेरॉक्सवर ट्रेसिंग पेपर ठेवून मतदारसंघातल्या क्लर्कनवेल या भागाभोवतीची हद्द लाल पेन्सिलीने गिरवावी आणि तोच कागद त्याच प्रमाणाच्या आजच्या नकाशावर ठेवावा. कोणती गल्ली आत होती आणि कोणती बाहेर, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : मत कोणाला होते? त्या काळी संसदेसाठी स्त्रियांना मताधिकार नव्हता, आणि घर किंवा भाड्याची खोली यांच्या अटींमुळे अनेक कष्टकरी पुरुषही यादीबाहेर राहत. म्हणून १८९२ मध्ये दोन्ही उमेदवारांची मते मिळून सहा हजारांच्या आत राहिली, यावरून वस्ती लहान होती किंवा लोक उदासीन होते, असा निष्कर्ष काढू नये.

निकालाचे आकडे किमान दोन ठिकाणी पडताळावेत. लिबरल पक्षाच्या दादाभाईंनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या फ्रेडरिक पेंटन यांचा पराभव केला. मताधिक्य कुठे ३ तर कुठे ५ असे छापलेले आढळते. मूळ घोषणेत ते ३ होते आणि फेरमोजणीत ५ झाले, त्यामुळे एक आकडा खोडून दुसरा ठेवण्याऐवजी दोन्ही टप्पे लिहावेत. इतक्या निसटत्या विजयाकडे केवळ नशिबाची गोष्ट म्हणून पाहणेही योग्य नाही. १८८६ मध्ये शेजारच्या होबर्नमध्ये दादाभाई हरले होते, आणि १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी त्यांचा ‘काळा माणूस’ असा उल्लेख केल्यावर देशभर वाद उठला होता. हा मागचा संदर्भ वाचकाला द्यायलाच हवा. १८९५ मध्ये ते ही जागा हरले, आणि त्याच निवडणुकीत दादाभाईंसारखेच मुंबईचे पारशी असलेले मंचेरजी भावनगरी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून बेथनल ग्रीनच्या ईशान्य भागातून जिंकले. हे दोन मतदारसंघ एकमेकांत मिसळू नयेत.

शेवटी मतदारसंघाचे पुढे काय झाले, ते नोंदवावे : १९१८ मध्ये फिन्सबरी, १९५० मध्ये शोरडिच आणि फिन्सबरी, १९७४ पासून इस्लिंग्टन साउथ आणि फिन्सबरी.