केक बसतो, बिस्किटं सादळतात: कोकणात बेकिंग शिकणाऱ्यांसाठी

केक मधोमध बसला की शिकायला आलेल्या मुली आधी बेकिंग पावडरचा डबा उघडतात. कमी पडली असणार, पुढच्या वेळी अर्धा चमचा वाढवू! त्याने खड्डा वाढतोच. पावडर जास्त झाली की केक भराभर फुगतो आणि आतला भाग शिजून घट्ट व्हायच्या आधीच फुगलेली हवा निसटून जाते. एका वाटीला, म्हणजे १२५ ग्रॅम मैद्याला, सपाट एक चहाचा चमचा पावडर पुरते. पावडर जिवंत आहे का ते मात्र बघा. पावसाळ्यात डब्यात ओल शिरली की तिचं काम डब्यातच उरकतं. कढत पाण्यात अर्धा चमचा टाकल्यावर जोरात फसफसली नाही, तर फेकून द्या. म्हणून आमच्याकडे मोठा डबा आणू नये.

दापोलीत घरून ऑर्डरी घेताना माझं एक मत पक्कं झालंय. पाककृती बदलण्याआधी वीज आणि हवा तपासावी. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ते २३० वरून १९० वर आलं, तर आकड्यांत फरक लहान दिसतो, पण ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनच्या, रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गेली. बटण १८० अंशांवर असतं आणि आत १५० सुद्धा झालेले नसतात. दार उघडून डोकावलात, तर गेलेली उष्णता परत यायला फार वेळ लागतो. केक बसण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. ओटीजीत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, सजावटीच्या नोझलआधी तो घ्या. व्होल्टेज चांगलं असेल त्या वेळी, बहुतेक सकाळी, भाजा. निम्मा वेळ जाईपर्यंत दार उघडू नका.

केक वरून तडकून डोंगरासारखा उठला आणि आत कच्चा राहिला, तर उलटी गोष्ट, वरची आच जास्त. भांडं एक खण खाली घ्या किंवा वरचा रॉड शेवटी लावा. आपल्या आज्या तवशाचं धोंडस, म्हणजे काकडीचा केक, भाजताना खाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवत, आणि दोन्हीकडची आच वेगवेगळी सांभाळत. ओटीजीचे दोन रॉड म्हणजे तेच. लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा थर देऊन करा. शिटी आणि रिंग काढायची, पाणी घालायचं नाही.

आता बटर. साखर-बटर फेटून हलकं करायचं, तर बटर साधारण २० अंशांच्या आसपास हवं. आमच्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये सहज ३२ अंश असतात. तिथे बटर मऊ होत नाही, तेलकट होतं, आणि तेलकट बटर हवा धरत नाही. बटर फ्रिजमधून काढून तुकडे करून लगेच घ्या, परात गार पाण्यात ठेवून फेटा. खरं सांगायचं तर नवशिक्यांनी पहिले काही महिने तेलाचाच केक करावा. त्यात फेटून हवा भरायची भानगड नाही. दही-सोड्याच्या बिनअंड्याच्या केकमध्ये मात्र ओव्हन आधी तापलेला हवा, कारण दही लागताच सोडा काम सुरू करतो. मिश्रण ओट्यावर वाट बघत राहिलं की गेलं.

बिस्किटं ट्रेवर पसरतात तेव्हाही बहुधा तूप किंवा बटर वितळलेलं असतं. नानकटाईला तूप रवाळ, थिजलेलं हवं. वळलेले गोळे ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ट्रेला तूप लावू नका, बटर पेपर पुरे.

सादळण्याचं दुखणं जुलै-ऑगस्टचं. साखर ओल ओढते, गूळ त्याहून जास्त, म्हणून नाचणी-गुळाची बिस्किटं सगळ्यात आधी मऊ पडतात. ओल्या नारळात जवळजवळ निम्मं पाणीच असतं. चव कितीही छान असली, तरी पावसात तो बिस्किटात नको, सुकं खोबरं मंद आचेवर भाजून घाला. भाजून झालेली बिस्किटं जाळीवर गार करायची, पण गार झाली की तासभर उघडी ठेवायची नाहीत. गरम भरली तर वाफ आत अडकते, उशीर केला तर हवेतली ओल शिरते. स्टीलच्या डब्याचं झाकण कितीही गच्च वाटलं तरी हवा जाते, रबरी कडेचा डबा वापरा. सादळलीच तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं पुन्हा भाजा, खुसखुशीतपणा परत येतो.

आंब्याचा रस केकमध्ये घालताना दूध तेवढं कमी करा. रस आंबट असतो, त्याला चिमूटभर सोडा चालतो.

ऑर्डरी घेणार असाल तर वाटी-चमचे सोडून वजनकाटा घ्या. दाबून भरलेल्या वाटीत १५० ग्रॅम मैदाही बसतो, आणि केक कोरडा का झाला ते कळत नाही. मे महिन्यात चाकरमानी आले की क्रीम केकची मागणी येते. दुपारी एसटीने पाठवायचा असेल तर मी सरळ नाही म्हणते, सुका केक देते. विकायचं तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती ऑनलाइन करता येते. श्रावण-गणपतीत बिनअंड्याच्या ऑर्डरी वाढतात, तेव्हा भांडी वेगळी ठेवा आणि पाकिटावरची खूण चुकवू नका. अंडं असलेला केक नियमाने मांसाहारी धरतात, त्यावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण छापायचा, हिरवा ठिपका नाही.