अभ्यासक्रमावर काम करायचंय? आधी शाळा धरा

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी अभ्यासक्रम हा विषय धरलेली मुलं-मुली अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, विषय कुठला घेऊ?" माझं उत्तरही आता ठरूनच गेलंय. विषयाचं मग बघू, शाळा कुठली धरलीस ते सांग. यावर पलीकडचं माणूस जरा गोंधळतं. आराखडे आणि पाठ्यपुस्तकं यांची तुलना करायची, प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची आणि मोकळं व्हायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. तशा पदव्या मिळतातही. अभ्यासक्रम मात्र त्यातून कळत नाही, उंटावरून शेळ्या हाकायची सवय तेवढी लागते.

हे काम शिकायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा मला तरी दुसरी दिसत नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून इथं आहे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे त्याचं कार्यक्षेत्र. बी.एड. कॉलेजं आहेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपलं डाएट, आहे. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, खासगी अनुदानित अशा सगळ्या तऱ्हेच्या शाळा एसटीच्या टप्प्यात आहेत. बारा तालुके, पण शिरोळचं पोर आणि गगनबावड्याचं पोर यांचं जगणं निराळं. चंदगड-गडहिंग्लजकडं तर कानावर पडणारी भाषाही बदलते. अडचण एवढीच, की ही सगळी मंडळी आपापल्या वाफ्यात पाणी पाजत असतात. विद्यापीठातल्या प्रबंधाचं शाळेला ठाऊक नसतं आणि शाळेत गुरुजी काय युक्त्या करतात ते विद्यापीठाला. नवख्या माणसानं या दोहोंच्या मध्ये जाऊन बसावं, असं माझं म्हणणं आहे.

सिद्धान्ताचं थोडक्यात सांगते, कारण तो कुठल्याही नोट्समध्ये मिळेल. राल्फ टायलर या अमेरिकन अभ्यासकानं १९४९ मध्ये मांडलेले चार प्रश्न पाठ करा: उद्दिष्टं कोणती, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, त्यांची रचना कशी करायची आणि उद्दिष्टं साधली हे ओळखायचं कसं. मग लॉरेन्स स्टेनहाउस वाचा. शिक्षक हाच संशोधक, हे १९७० च्या दशकात त्यानं ब्रिटनमध्ये ठासून सांगितलं. या दोघांच्या मधल्या जागेत आपलं काम चालतं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ चा आणि २०२३ चा असे दोन्ही जवळ ठेवा. शेजारी ठेवून वाचले की धोरण कुठं कुठं सरकलं ते दिसतं.

आपल्या मातीतलं मात्र सावकाश वाचा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे भाषणात सगळेच सांगतात. पण जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, हे एम.एड.च्या पोरांनाही अनेकदा माहीत नसतं. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव. त्याआधी गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. (नवख्यांनी नावावरून फसू नये. मौनी विद्यापीठ ही ग्रामीण शिक्षणाची संस्था, पदव्या देणारं विद्यापीठ वेगळं.) जवळपासच्या शाळांनी एकत्र गट करून एकमेकींची साधनं आणि माणसं वापरावीत, ही शाळा-संकुलाची शिफारस त्याच आयोगाच्या अहवालातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीच कल्पना पुन्हा आली आहे. आपल्याकडची केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि केंद्राची शिक्षण परिषद ही रचनाही याच जातकुळीतली. म्हणजे शाळांनी एकत्र बसून शिकवण्याचा विचार करावा यासाठी सांगाडा आपल्याकडं आहे. कित्येक ठिकाणी त्यात परिपत्रकांचं वाचन आणि चहा एवढंच होतं, ही गोष्ट वेगळी.

दुसरं नाव लीलाताई पाटील यांचं. शिक्षक घडवण्यात हयात घालवल्यावर त्यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. बी.एड.च्या वर्गात जे सांगितलं ते लहान मुलांच्या वर्गात करून बघणं, असा तो उलटा प्रवास. विद्यापीठ आणि शाळा यांचं सहकार्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हे उदाहरण देते. ते करारावर सह्या होऊन झालं नव्हतं.

आता माझ्या वाट्याला आलेलं एक काम जरा तपशिलात सांगते. बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलं होतं. कोल्हापूर जिल्ह्याचं वेगळं, सांगलीचं वेगळं. अभ्यासक्रम जिल्ह्यापर्यंत खाली आणण्याचा हा चांगला प्रयत्न होता, असं माझं मत आहे. आमच्या छोट्या गटात दोन बी.एड. कॉलेजांचे प्राध्यापक, काही छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, आणि तीन शाळांचे शिक्षक होते. आम्हाला बघायचं होतं की जिल्ह्याचं पुस्तक तालुक्यात गेल्यावर त्याचं काय होतं. विषय घेतला पाणी. शाळा शिरोळ तालुक्यातली एक, गगनबावड्याकडची एक आणि इचलकरंजीतली एक.

शिकवण्याआधी तिन्हीकडं मुलांना एकच काम दिलं: पाणी कुठून येतं त्याचं चित्र काढा. गगनबावड्याच्या मुलांनी पाऊस, डोंगर, ओहोळ आणि डोंगरावरून आणलेली पाइप काढली. इचलकरंजीत एका पोरानं निळ्या बॅरलची रांग काढली आणि वर भिंतीवर घड्याळ. पाणी कधी सुटेल याचा भरवसा नाही, तर घड्याळ हवंच की! शिरोळच्या एका मुलीनं नदी काढली, घर काढलं आणि घराच्या भिंतीवर खिडकीच्या वर एक आडवी रेघ ओढली. हे काय, विचारलं तर म्हणाली, "हितंवर आल्तं पाणी." २०१९ च्या महापुराची खूण घरातल्यांनी भिंतीवर तशीच ठेवली होती.

पुढं पाठ बघताना खरी गंमत आली. पाणी जपून वापरावं हा मुद्दा आला तसा गगनबावड्याकडं वर्ग हसायलाच लागला. "बाई, एवढं पडतंय की, वाचवायचं कशाला?" बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, "मग मे महिन्यात तुझी आई घागर घेऊन कुठं जाती रं?" वर्ग गप्प. मग एकेक हात वर यायला लागला, कुठला झरा कधी आटतो ते मुलंच सांगायला लागली. उरलेला तास त्यावरच गेला. पाठ टाचणात यातलं अक्षरही नव्हतं. नंतरही ते कुठं नोंदलं गेलं नसतं, कारण टाचणात "उद्दिष्ट साध्य झाले" एवढंच लिहायची रीत आहे. नवख्या अभ्यासकानं नेमकं हेच टिपायचं असतं. छापील पुस्तक आणि प्रत्यक्ष तास यांच्यामध्ये शिक्षकानं जे केलं, तोच त्या वर्गाचा अभ्यासक्रम.

पुढं एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तिन्ही शाळांच्या शिक्षकांना एकत्र बसवलं. मुलांची चित्रं टेबलावर पसरून ठेवली, स्लाइड वगैरे काही नाही. सुरुवातीला सगळे हातचं राखून बोलत होते. एक ज्येष्ठ गुरुजी तर तोंडावरच म्हणाले, "मॅडम, तुमचा पेपर होईल, आमचं काय?" प्रश्न रास्त होता. त्यावर बरीच घासाघीस होऊन ठरलं, की पाण्याचा एक घटक तिन्ही शाळांनी मिळून आखायचा, मुलांची चित्रं आपसात बदलायची आणि छात्राध्यापकांनी आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या त्यांच्या सरावाच्या काळात, तो घटक शिकवून बघायचा. शिरोळच्या वर्गात इचलकरंजीचे बॅरल पोचले, तेव्हा मुलांनी विचारलेले प्रश्न आम्हा मोठ्यांना सुचले नव्हते. पूर येतो त्या गावापासून तासाभरावरच्या शहरात प्यायला पाणी नाही, असं कसं? तिसरीच्या वर्गातला हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला मोठेही धडपडतील.

बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून आंतरवासितेला किमान २० आठवडे मिळतात. एवढा काळ छात्राध्यापक शाळेत असतो, तरी बऱ्याच ठिकाणी तो काळ पाठांची संख्या भरण्यात आणि रजेवरच्या शिक्षकाचे तास घेण्यात जातो. संशोधन करणाऱ्यानं एखाद्या बी.एड. कॉलेजशी बोलून आपला विषय आंतरवासितेला जोडून घेतला, तर दोघांचंही काम होतं आणि शाळेलाही रोज नवा माणूस झेलावा लागत नाही.

परवानगीचं मात्र आधीच बघा. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तिथून गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी उतरंड असते. महापालिकेच्या शाळांचं कार्यालय वेगळं. खासगी संस्थेत मुख्याध्यापक हो म्हणाले तरी संस्थेच्या सचिवांची सही लागते. एका कार्यालयात माझं पत्र इतके दिवस पडून होतं की त्या वर्षाची तिसरी चौथीत गेली. म्हणून मूळ पत्राची पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा, आणि पत्रात "अभ्यासक्रमाचा चिकित्सक अभ्यास" असलं जड काही न लिहिता कुठली इयत्ता, किती तास, मुलांकडून काय करून घेणार, एवढं साध्या मराठीत लिहा. पालकांची संमती घ्या. मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. चित्रं वापरायची तर नावं झाकून.

शाळेचं वर्ष कसं फिरतं हेही डोक्यात असू द्या. जूनमध्ये पुस्तकं, गणवेश, पटनोंदणी यांतून शिक्षकाला मान वर काढता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यात पावसामुळं शाळा कधी बंद पडेल सांगता येत नाही. मग गणपती, सत्र परीक्षा, दिवाळी. दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने सगळ्यात चांगले. त्यातच ऊसतोडीचा हंगाम असल्यानं काही वर्गांत बाहेरच्या जिल्ह्यातली मुलं येऊन बसलेली दिसतील. त्यांच्यासाठी पुस्तकातला "आपला जिल्हा" म्हणजे नेमका कुठला, हा अख्ख्या प्रबंधाचा विषय आहे आणि कुणीतरी तो घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे. पुढं शिष्यवृत्तीच्या जादा तासांना जोर चढतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्तीची ईर्षा कुस्तीपेक्षा कमी नसते, त्या दिवसांत शिष्यवृत्तीला बसणाऱ्या वर्गांच्या वाटेला जाऊ नका.

नोकरीचं विचाराल, तर वाटा मोजक्याच पण आहेत. नेट किंवा सेट करून अध्यापक महाविद्यालयात जाता येतं, डाएटमध्ये जागा निघतात, शैक्षणिक साहित्य तयार करणाऱ्या संस्थांना माणसं लागतात. शाळेत शिकवत असाल तर नोकरी सोडायची घाई करू नका. पाठ्यपुस्तकांच्या कामात वर्गावरच्या शिक्षकांनाही घेतलं जातं, आणि वर्गात शिकवणाऱ्याचं मत तिथं वजनदार ठरतं. विद्यापीठाचे अभ्यासक्रम अभ्यास मंडळात तयार होऊन विद्या परिषदेकडं जातात, त्याचीही माहिती करून घ्या. विषय पक्का करण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आणि विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जुने प्रबंध चाळा. त्याच जिल्ह्यातल्या, त्याच इयत्तेवरच्या प्रश्नावल्या किती वेळा वाटून झाल्यात ते दिसेल.

आणखी दोन गोष्टी पहिल्याच बैठकीत उघडपणे बोलून घ्या. पहिली प्रवासखर्चाची. शनिवारी दुपारी शिक्षक पदरमोड करून येतात, दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. म्हणून बैठक फिरती ठेवा, एकदा तुमच्याकडं, एकदा त्यांच्या शाळेत. दुसरी नावाची. संयुक्त कामावर लेख निघाला तर शिक्षकाचं नाव लेखक म्हणून जाणार की आभारात, हे आधी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. काही शिक्षक कार्यालयाच्या धास्तीनं नाव नको म्हणतील, त्यांना आग्रह करू नका. पण लेख छापून आला की त्याची प्रत आणि दोन पानांचा मराठी गोषवारा घेऊन त्यांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत स्वतः जा. तिथं कुणीतरी "हे असं नाही, आमच्यात वेगळं आहे" असं म्हणेल. त्याचा फोन नंबर घ्या, पुढची शाळा तीच.